फिलाडेल्फियातील ऐतिहासिक स्थळे : घाईत न उरकता कशी पाहावीत?

वाटसरू (धागालेखक)

न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन यांच्या वाटेवर असल्यामुळे फिलाडेल्फियावर नेहमी अन्याय होतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन निघालेल्या अनेक बससहली इथे जेमतेम तास-दीड तास थांबतात, लिबर्टी बेलसमोर छायाचित्रे काढली जातात आणि बस पुढच्या मुक्कामाला निघते. ज्या शहरात अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना हे दोन्ही दस्तऐवज एकाच दालनात संमत झाले, जे १७९० ते १८०० या काळात त्या देशाची राजधानी होते, त्या शहराला एवढ्यावर निरोप देणे मला पटत नाही. आपले आईवडील किंवा नातेवाईक येणार असतील, तर या शहरासाठी निदान दोन दिवस राखून ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याची कारणे आणि पाहण्याचा क्रम इथे मांडतो. ज्यांना अधिक माहिती असेल त्यांनी भर घालावी.

सुरुवात इंडिपेंडन्स हॉलपासून करावी, कारण बाकीच्या सर्व स्थळांचे धागे तिथे येऊन मिळतात. या इमारतीचे बांधकाम १७३२ साली सुरू झाले, तेव्हा ती पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या विधिमंडळासाठी बांधली जात होती. २ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा ठराव आणि ४ जुलैला जाहीरनाम्याचा मसुदा इथेच मंजूर झाला. पुढे १७ सप्टेंबर १७८७ रोजी राज्यघटनेवर सह्या झाल्या त्याही इथेच. दालनात हिरव्या कापडाने झाकलेली मेजे मांडलेली आहेत. त्यांतील बहुतेक सामान त्या काळचे असले तरी मूळ सभेतले नाही. मात्र अध्यक्षस्थानी बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी वापरलेली खुर्ची अस्सल आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. हा सूर्य उगवता की मावळता, हे आपल्याला इतके दिवस कळत नव्हते, पण आता तो उगवताच आहे याची खात्री पटली, असे बेंजामिन फ्रँकलिन सह्यांच्या दिवशी म्हणाले होते. रेंजर (राष्ट्रीय उद्यान सेवेचे मार्गदर्शक) ही हकिगत सांगतात तेव्हा गर्दीमागे न थांबता खुर्ची दिसेल अशी जागा आधीच धरावी.

ही वास्तू आज उभी आहे, हेही गृहीत धरू नये. राजधानी आणि राज्याचा कारभार दोन्ही शहराबाहेर गेल्यावर १८१६ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने ही जागा तुकडे पाडून विकायला काढली होती. फिलाडेल्फिया शहराने ७०,००० डॉलरला ती विकत घेतली म्हणून ती वाचली. १७८१ साली उतरवलेला मूळ लाकडी मनोरा तर आज नाहीच. आपण पाहतो तो विल्यम स्ट्रिकलंड यांनी १८२८ साली बांधलेला आहे. १९७९ साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

शेजारचा काँग्रेस हॉल सोडू नये. अमेरिकेचे प्रतिनिधिगृह आणि सिनेट १७९० पासून दहा वर्षे याच लहानशा इमारतीत भरत होते. १७९७ साली वॉशिंग्टन यांच्यानंतर जॉन ॲडम्स यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ इथे घेतली. सत्ता एका निवडून आलेल्या माणसाकडून दुसऱ्याकडे शांतपणे गेली, ही त्या काळात जगाला नवी वाटणारी गोष्ट या दालनात घडली.

आता लिबर्टी बेल. १७५१ साली विधिमंडळाने ही घंटा लंडनच्या व्हाइटचॅपल येथील ओतशाळेतून मागवली. ती इथे आल्यावर वाजवून पाहतानाच तडकली, तेव्हा जॉन पास आणि जॉन स्टो या स्थानिक ओताऱ्यांनी ती वितळवून दोन वेळा पुन्हा ओतली. तिचे वजन सुमारे ९४० किलो आहे. आपल्याला दिसणारी रुंद फट ही खरे तर दुरुस्ती आहे. बारीक तड्याच्या कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून तो तडा मुद्दाम कोरून रुंद करण्यात आला. फेब्रुवारी १८४६ मध्ये वॉशिंग्टन यांच्या जयंतीला ती वाजवली, तेव्हा त्या फटीच्या वर दुसरा बारीक तडा गेला आणि घंटा कायमची मुकी झाली. नीट पाहिल्यास तो दुसरा तडा अक्षरांमधून वर जाताना दिसतो.

घंटेवर बायबलमधील वचन आहे : साऱ्या देशात, त्यातील सर्व रहिवाशांना, स्वातंत्र्याची द्वाही फिरवा. ‘सर्व रहिवासी’ हे शब्द गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी १८३० च्या दशकात उचलून धरले आणि ‘लिबर्टी बेल’ हे नाव त्यांच्याच लिखाणातून रूढ झाले. तोपर्यंत ती केवळ विधिमंडळाची घंटा होती.

या घंटेच्या दालनाच्या दाराशीच राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या घराची जागा आहे, आणि सर्वाधिक लोक न पाहता निघून जातात ती हीच. वॉशिंग्टन इथे १७९० ते १७९७ या काळात राहिले, त्यांच्यानंतर ॲडम्स. वॉशिंग्टन यांच्या घरात नऊ गुलाम राबत होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेल्या गुलामाचा मुक्काम सहा महिन्यांहून अधिक झाला तर त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. म्हणून ती मुदत भरण्यापूर्वी त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणण्याची व्यवस्था वॉशिंग्टन यांनी केली होती. त्यांतील ओनी जज ही तरुणी मे १७९६ मध्ये घरातील मंडळी जेवायला बसलेली असताना बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले, पण ती हाती लागली नाही आणि १८४८ साली मृत्यू येईपर्यंत तिकडेच राहिली. २००७ च्या उत्खननात या घराचा पाया सापडला, तो काचेखाली जपलेला आहे. घंटा पाहून झाल्यावर या जागेवर किमान वीस मिनिटे द्यावीत. घंटेवरील वचन आणि हा पाया यांमध्ये मोजकी पावले आहेत, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय या देशाच्या स्थापनेची गोष्ट पुरी समजत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दीपमाळ

अतिशय उपयुक्त धागा आहे. माझे सासूसासरे पुढील महिन्यात येत आहेत. सासऱ्यांना इतिहासाची मनापासून आवड आहे, परंतु सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि फार वेळ उभे राहणे त्यांना जमत नाही. तिकिटांची पद्धत, चालण्याचे अंतर आणि शाकाहारी जेवण यांविषयी कुणी सविस्तर सांगाल का? आमच्याकडे दोन दिवस आहेत, पण दुसरा दिवस अर्धाच मिळेल.

गलबत

दीपमाळ, मी याच परिसरात नोकरी करतो, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन जाण्याचा योग बऱ्याचदा येतो.

लिबर्टी बेलला तिकीट नाही. रांगेत उभे राहून सुरक्षा तपासणीतून आत जायचे असते. इंडिपेंडन्स हॉलसाठी मात्र वर्षाच्या बहुतेक काळात वेळ नेमून दिलेले तिकीट लागते. ते विनामूल्य आहे, ऑनलाइन आरक्षणाला प्रत्येकी एक डॉलर शुल्क पडते. नियम ऋतूनुसार बदलतात, म्हणून तारीख ठरताच राष्ट्रीय उद्यान सेवेचे संकेतस्थळ पाहावे आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. तिकिटावरील वेळेच्या बऱ्याच आधी तपासणीच्या रांगेत पोहोचणे आवश्यक आहे. आत स्वच्छतागृह नाही, तेव्हा ती सोय विझिटर सेंटरमध्येच करून निघावे.

सासूबाईंसाठी सांगायचे तर इंडिपेंडन्स हॉलची सर्व महत्त्वाची दालने तळमजल्यावर आहेत. वरच्या मजल्यावर जिन्यानेच जावे लागते, तो सोडला तरी मुख्य गोष्ट चुकत नाही. मागच्या चौकात झाडांखाली बाके आहेत. घंटा, राष्ट्राध्यक्षांच्या घराची जागा, इंडिपेंडन्स हॉल आणि काँग्रेस हॉल ही चारही ठिकाणे समोरासमोर आहेत, त्यामुळे पहिली सकाळ फारसे न चालता पार पडेल. मेट्रोने यायचे असल्यास फिफ्थ स्ट्रीट स्थानकावर उतरावे. गाडी आणणे टाळावे, कारण जुन्या भागातील रस्ते अरुंद आहेत आणि वाहनतळाचे दर चढे असतात.

जेवणासाठी बाराव्या रस्त्यावरील रीडिंग टर्मिनल मार्केटला जावे. रेल्वे स्थानकाच्या फलाटांखाली १८९३ साली सुरू झालेली ही मंडई स्वतःच एक ऐतिहासिक स्थळ आहे. शाकाहारी माणसाला तिथे ताजा गरम प्रेट्झेल, पाव, चीज, फळे, लोणची असे पुष्कळ मिळते. लँकेस्टर परगण्यातून येणारे आमिश (जुन्या पद्धतीची साधी राहणी जपणारा ख्रिस्ती पंथ) विक्रेते रविवारी दुकाने उघडत नाहीत, म्हणून रविवार टाळावा. मंडईला लागूनच चायनाटाउन आहे आणि तिथे पूर्ण शाकाहारी उपाहारगृहेही आहेत.

चाफा

या धाग्यावर अजून आनंदीबाई जोशी यांचे नाव आले नाही, म्हणून लिहिते. मराठी माणसाने या शहरात यावे आणि त्यांची आठवण न काढता परत जावे, हे मला फार खटकते.

कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्या लेकीसारखे ठेवून घेतले. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये दाखल झाल्या. स्त्रियांना एम.डी. ही पदवी देणाऱ्या जगातील पहिल्या संस्थांपैकी ही एक होती, तिची स्थापना १८५० ची. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या होत्या. पदवीसाठी आनंदीबाईंनी लिहिलेला प्रबंध हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेल्या मुलीने हा विषय निवडावा, यात सर्व काही आले.

हे कॉलेज त्या काळी नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू आणि एकविसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, जिरार्ड कॉलेजच्या उंच दगडी भिंतीसमोर होते. १९३० साली ते ईस्ट फॉल्स भागात हलले, पुढे इतर संस्थांत विलीन होत गेले आणि आज त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठाच्या अभिलेखागारात कॉलेजची कागदपत्रे जपलेली आहेत. त्यांतच १० ऑक्टोबर १८८५ चे ते प्रसिद्ध छायाचित्र आहे, ज्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबुली शेजारी शेजारी आहेत. मूळ कागदपत्रे पाहायची असल्यास आधी पत्र लिहून वेळ घ्यावी लागते. बरेच साहित्य ऑनलाइनही उपलब्ध आहे आणि ते येण्यापूर्वी वाचून यावे, असे मी सुचवेन.

आनंदीबाई एकट्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात काम केलेल्या डॉ. गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून १८९२ साली उत्तीर्ण झाल्या. ओमाहा जमातीतील सुझान ला फ्लेश, ज्या अमेरिकेच्या मूलनिवासी समाजातील पहिल्या स्त्री डॉक्टर मानल्या जातात, त्या १८८९ साली इथूनच बाहेर पडल्या. एका लहानशा कॉलेजात त्या दशकात किती दिशांनी मुली येत होत्या, याचा विचार केला म्हणजे मन भरून येते.

शिलालेख

चाफा यांचा प्रतिसाद वाचून फार समाधान वाटले. त्याच भागातील एक स्थळ जोडतो. जिरार्ड कॉलेजपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा जुना तुरुंग आहे. १८२९ साली सुरू झालेला हा तुरुंग जॉन हॅविलंड यांनी मध्यभागातून आरे निघावेत तशा सात लांब दालनांचा आखला. प्रत्येक कैद्याला पूर्ण एकांतात ठेवले, तर त्याला पश्चात्ताप होऊन तो सुधारेल, अशी त्यामागची समजूत होती. कोठडीच्या छताला वरून प्रकाश येणारा एकच झरोका होता, आणि बाहेर काढताना कैद्याच्या डोक्यावर बुरखा घालत. १८४२ साली चार्ल्स डिकन्स यांनी हा तुरुंग पाहिला आणि मनावर होणारा असा छळ शरीराच्या छळाहून वाईट असल्याचे लिहिले. तरीही या आराखड्याची नक्कल जगभरातील शेकडो तुरुंगांनी केली. १९७१ नंतर तो रिकामा पडला आणि आज पडझड झालेल्या स्थितीतच जतन केलेला आहे. प्रवेशशुल्क आहे, ध्वनिमुद्रित माहिती मिळते, आणि दोन तास सहज जातात.

मात्र वाटसरू यांच्या यादीतून एक गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे सिटी हॉल. १८७१ ते १९०१ अशी तीस वर्षे बांधकाम चाललेली ही इमारत १६७ मीटर उंच आहे आणि तिचा भार पोलादी सांगाड्यावर नसून दगडविटांच्या भिंतींवर आहे. तळाशी काही भिंती सुमारे साडेसहा मीटर जाड आहेत. शिखरावरील, पेनसिल्व्हेनिया वसाहतीचे संस्थापक विल्यम पेन यांचा पुतळा अकरा मीटरचा आहे आणि तो अलेक्झांडर मिल्न काल्डर यांनी घडवला. पुतळ्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचे नाही, हा अलिखित संकेत शहराने १९८० च्या दशकापर्यंत पाळला. पुतळ्याखालच्या सज्जातून पाहिले की १६८२ साली पेन यांच्यासाठी आखलेले सरळ रस्ते आणि चौक आजही बऱ्याच अंशी तसेच दिसतात.

पायरव

लहान मुले बरोबर असतील तर बेट्सी रॉस यांचे घर अवश्य दाखवावे, असे मला वाटते. अमेरिकेचा पहिला ध्वज त्यांनी शिवला, ही गोष्ट मुलांना शाळेत शिकवलेली असते, आणि त्या घरातील अरुंद जिने व शिवणकामाची खोली पाहून ती फार रमतात.

वाटसरू (धागालेखक)

पायरव, मुलांसाठी तुमची सूचना योग्यच आहे. फक्त ही कथा १८७० साली बेट्सी रॉस यांच्या नातवाने प्रथम जाहीरपणे सांगितली आणि तिला त्या काळातील कागदोपत्री आधार सापडलेला नाही, हे मोठ्यांना ठाऊक असावे. त्या स्वतः खुर्च्यांना गाद्या बसवण्याचे काम करत आणि त्यांनी ध्वज शिवले याच्या नोंदी आहेत. एका स्त्रीने युद्धकाळात आपल्या कसबावर घर चालवले, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नक्कीच आहे. लिबर्टी बेल ४ जुलै १७७६ ला वाजली, ही कथाही अशीच १८४७ साली एका लेखकाने रचलेली आहे.

शिलालेख, सिटी हॉलबद्दल पूर्ण सहमत आहे. तो इंडिपेंडन्स हॉलपासून सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत मंडई लागते, म्हणून पहिल्या दिवसाच्या दुपारी तो चांगला बसतो.

दीपमाळ, तुमच्या अर्ध्या दिवसासाठी मी जुन्या वस्तीतील तीन जागा सुचवतो. पहिली एल्फ्रेथ्स ॲली, अठराव्या शतकापासून सतत वस्ती असलेली दगडी फरशीची गल्ली. तिच्यात ३२ घरे आहेत आणि त्यांत आजही कुटुंबे राहतात, त्यामुळे खिडक्यांतून डोकावू नये आणि आवाज बेताचा ठेवावा. दुसरी फ्रँकलिन कोर्ट. फ्रँकलिन यांचे घर १८१२ साली पाडले गेले. ते नेमके कसे दिसत होते याची चित्रे उपलब्ध नसल्यामुळे खोटे घर उभे करण्याऐवजी रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांच्या कार्यालयाने १९७६ साली तिथे घराच्या आकाराचा नुसता पोलादी सांगाडा उभारला. जे ठाऊक आहे तेवढेच दाखवायचे, हा त्या कामातील प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे किल्ल्यांवर नवी बांधकामे करण्याचा उत्साह वाढत असताना तो अभ्यासण्यासारखा आहे. तिसरी कारपेंटर्स हॉल. १७७४ साली वसाहतींची पहिली परिषद इथे भरली. ही इमारत सुतार आणि बांधकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघाची होती, आणि १७२४ साली स्थापन झालेला तो संघ आजही तिचा मालक आहे. प्रवेश विनामूल्य असून ती सोमवारी बंद असते.

गलबत

ज्यांना तिसरा दिवस मिळेल त्यांनी सहावा रस्ता आणि लोम्बार्ड स्ट्रीट येथील मदर बेथेल चर्च पाहावे. कृष्णवर्णीय धर्मोपदेशक रिचर्ड ॲलन यांनी १७९१ साली घेतलेली ही जागा तेव्हापासून अखंडपणे कृष्णवर्णीयांच्याच मालकीची आहे. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत सुमारे ५,००० माणसे दगावली, म्हणजे शहराचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्या वेळी रुग्णसेवा आणि प्रेतांचे दफन ही कामे ॲलन आणि ॲब्सलोम जोन्स यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय नागरिकांनी केली, आणि नंतर त्यांच्यावरच पैसे उकळल्याचे आरोप झाले तेव्हा या दोघांनी पुस्तिका छापून त्यांना उत्तर दिले. राष्ट्राध्यक्षांच्या घराची जागा पाहिल्यावर इथे आले की गोष्टीचा पुढचा भाग कळतो.

दीपमाळ

सर्वांचे मनापासून आभार. चाफा, सासूबाईंना आनंदीबाईंचे चरित्र जवळजवळ पाठ आहे. त्यांची समाधी अमेरिकेत आहे असे त्या म्हणतात. फिलाडेल्फियाच्या सहलीत ती पाहणे शक्य आहे का?

चाफा

त्याच सहलीत शक्य नाही, दीपमाळ, पण वेगळा दिवस काढून नक्की जाता येईल. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावच्या रूरल सेमेटरीमध्ये आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून हडसन मार्गाची गाडी घेतल्यास पकिप्सीला सुमारे दोन तासांत पोहोचता येते. स्थानकापासून टॅक्सी करावी. दफनभूमी विस्तीर्ण आहे आणि दगड शोधण्यात पायपीट होते, म्हणून तिथल्या कार्यालयातून जागेचा नकाशा आधीच मागवून ठेवावा, म्हणजे सासूबाईंना गाडी अगदी जवळपर्यंत नेता येईल.